देगेतले गहू

१

सोमवारी सकाळी पंगतीची देग जागेवर नव्हती.

देग म्हणजे वाटी-चमचा नव्हे. तांब्याची, आतून कल्हईची, दोन माणसांनी कड्या धरून उचलायची, सगळ्या वस्तीची खिचडी एका वेळी शिजेल एवढी. असलं धूड कुणी उचलून नेतं म्हणजे चोराला मानलं पाहिजे, असं मी फोनवर म्हणाले. पलीकडे माझी भाची दामिनी रडकुंडीला आली होती. तिला ते आवडलं नाही.

"मावशी, तू ये. इथे सगळे जमुनाचं नाव घेऊन राहिले. तिले काढून टाकतील."

"कोण जमुना?"

"तू ये आधी."

मी अकोल्याला राहते. सगळी नोकरी विम्याच्या कामात गेली. जिनिंगला आग लागली, की ती लागली का लावली, हे पाहायचं माझं काम. त्या कामानं माणूस जरा कोरडा होतो. लोक रडतात, देवाच्या शपथा घेतात, आणि आपण जळक्या कापसाचा वास घेत उभं राहायचं. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही आणि जावी असं मला वाटतही नाही. मे महिन्यात अमरावतीची बस धरायची म्हणजे मात्र जिवावर आलं होतं. एका डब्यात बेसनाचे लाडू भरले, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि निघाले.

पंगत बडनेरा रस्त्याच्या बाजूला सरकीच्या एका जुन्या गोदामात भरते. टाळेबंदीत पायी चाललेल्या मजुरांसाठी दामिनीनं आणि चार जणांनी ती सुरू केली, आणि मग मजूर गेले तरी भुकेलेली माणसं काही संपली नाहीत. पुलाखाली राहणारे, स्टेशनामागचे, ज्या घरात त्या दिवशी रोजी मिळाली नाही असे सगळे संध्याकाळी येतात. पोळ्या आसपासच्या कॉलन्यांतून येतात, प्रत्येक घर चार पोळ्या जास्त लाटतं. गोदामात फक्त खिचडी, नाहीतर वरण-भात आणि एखादी भाजी शिजते.

गोदामाच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथे जमुना राहते, दोन लेकरं आणि आंधळी सासू घेऊन. रस्ता रुंद झाला त्यात त्यांची झोपडी गेली. नवरा अकोल्याकडे वीटभट्टीवर असतो, दिवाळीला येतो. जमुना पंगतीची भांडी घासते, झाडलोट करते, पहाटे कुलूप उघडते.

"म्हणजे चावी तिच्याकडे," मी म्हणाले.

"एक तिच्याजवळ, एक माह्याजवळ," दामिनी म्हणाली. "अन कुलूप तुटलं नाही, मावशी. उघडून कोणी नेली अन परत लावून गेला."

२

गोदाम खुशालरावांचं. भातकुलीचे मोठे शेतकरी, पंगतीचे अध्यक्ष. दारावर पाटी आहे, तिच्यावर त्यांचं नाव वीतभर अक्षरात. खाली मुंगीएवढ्या अक्षरात सौ. मैनाबाई, म्हणजे त्यांच्या बायकोचं. मी पोचले तेव्हा ते कूलरसमोर बसून घाम पुसत होते. माणूस गोड. मला पाहून उठले, स्वतः पाणी दिलं.

"ताई, मले सांगा, म्या कोनाचं वाईट केलं? जागा देली, भाडं घेत नाही. बायकोच्या नावानं घेतली तवा टॅक्स वाचला, म्हटलं तेवढंच पुण्य करू. अन असं फळ?"

"तुमचा संशय कुणावर?"

"मी कोनाचं नाव घेत नाही बाप्पा." थोडं थांबून म्हणाले, "पन चावी ज्याच्यापाशी, त्यालेच विचारा लागते ना? तांबं हाय ते. गरिबाची नियत फिरते, त्याच्यात गरिबाचा तरी काय दोष?"

कुणाचं नाव न घेता एखाद्याला इतकं गोडीनं बुडवता येतं, हे मी पुष्कळ जिनिंग मालकांकडून पाहिलं होतं. पण गोड बोलणं हा काही पुरावा नसतो.

टेम्पोवाला नितेश बाहेर गाडीखाली सावलीत पडला होता. भाजी-किराणा आणायला पंगतीनं त्याचा टेम्पो बांधून घेतलाय. देग न्यायची तर गाडी हवीच. मी त्याला उठवलं.

"रविवारी कुठे होतास?"

"अंजनगाव सुर्जीले. केळं आनाले गेलतो."

"केळी कुठायत?"

मी टेम्पोच्या हौद्यात डोकावले. कोपऱ्याकोपऱ्यात गुलाल बसला होता आणि एका कडेला चमकीच्या कागदाचे तुकडे.

"केळ्यांची वरात काढली होती का रे?"

"बाई, दामिनीताईले सांगू नोका ना," तो कानाला हात लावून म्हणाला. "लगनाचा डीजे वाह्यला. रातभर अंजनगावातच होतो. नवरदेवाच्या बापानं गाडी सोडलीच नाही. फोनमंधी व्हिडिओ हायेत, पाह्यता का?"

मी पाहिले. हा पोट्टा टेम्पोच्या टपावर उभा राहून नाचत होता, मागे अंजनगावातली दुकानं. देगेतून त्याची सुटका झाली. दामिनीच्या तावडीतून व्हायची होती.

३

देग पंगतीची म्हणायची, पण खरी मालकी कुर्बानचाचांची. त्यांचे वडील लग्नातली जेवणं बनवायचे, त्यांची ती आठवण. टाळेबंदीत चाचांनी ती आणून दिली आणि परत नेली नाही. त्यांच्या घरी गेले तर ते बाजेवर बसून लसूण सोलत होते.

"चाचा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीच तर नाही ना नेली?"

ते इतके हसले की लसूण खाली सांडला. "अपनी देग मीच चोरू? बाई, मले पायजे असती तर दिवसाढवळ्या कड्या धरून नेली असती, अन दामिनीनं वरून चाय पाजली असती."

"मग कुणी नेली?"

"कोनी बी नेली असंन, पन जमुनानं नाही." हसणं थांबलं होतं. "ईदले माह्या सुनेनं तिच्या घरी शेवयाचा कटोरा पाठवला. दुसऱ्या दिवशी कटोरा परत आला, धुतलेला, अन अंदर इमलीचा गोळा. घरात खायाले नाही, पन कटोरा खाली नाही पाठवला. असा मानूस देग चोरते काय?"

"चाचा, स्वभावावरून मी कुणाला सोडत नाही."

"मग नोका सोडू. पन सकाळच्या मीटिंगमंधी मी सांगतलं हाय. दोन दिवसांत देग नाही भेटली तर मी थान्यात जातो. अब्बाची चीज हाय."

"हे खुशालरावांसमोर सांगितलंत?"

"सगळ्यायसमोर."

तिथून मी जमुनाच्या खोलीवर आले. पंचविशीची असेल, बोलते कमी. लेकरांसाठी म्हणून मी लाडवांचा डबा दिला. ती चुलीपाशी गेली, लाडू ताटलीत काढले, डबा राखेनं घासला, पदरानं कोरडा केला. मग दाराशी फुटक्या बादलीत मिरचीचं झाड होतं, त्याच्या हिरव्या मिरच्या तोडून डब्यात टाकल्या आणि डबा मला परत दिला.

चाचांनी सांगितलं तसंच होतं. मला उगीच खोड काढावीशी वाटली. कोपऱ्यात पंगतीचं पातेलं होतं. त्यात लेकरांचा भात शिजवून तिनं ते नुकतंच घासलं होतं.

"मला मिरच्या दिल्यास. मग हे पातेलं रोज परत ठेवतेस, त्यात काय टाकतेस गं?"

ती पहिल्यांदा हसली. "घरातल्या घरात काय टाकाचं बाई?"

"रविवारी रात्री काही आवाज आला?"

"कूलर लावलाय खुशालरावदादानं आमाले. मोठा आवाज हाय त्याचा. गाडी आली तरी आयकू येत नाही." मग हसणं गेलं. "मले काढतीन का हो? सासूले डोये नाहीत. लेकरं आत्ता शाळेत लागले. पुन्हा पुलाखाली नाही जायाचं मले. तिथं पोरीले घेऊन झोपता येत नाही."

मी तिला धीर दिला नाही. मला जे माहीत नाही ते मी सांगत नाही. पण बाहेर पडताना खोलीमागे पाहिलं. मागचा मोकळा प्लॉट नुकताच सपाट केला होता, मुरूम टाकला होता, आणि त्यावर चुन्याच्या दोन सरळ रेषा मारल्या होत्या. एवढ्या रुंद, की त्यातून वरातीची घोडी आणि चार गाड्या सहज जातील. रेषा थेट जमुनाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

"हा प्लॉट कुणाचा?" मी दामिनीला विचारलं.

"खुशालरावांचाच. त्यांचा पोरगा अमोल लॉन काढून राहिला म्हणे, लग्नाचं."

४

मंगळवार असाच गेला. शेजारच्या बिछायत केंद्रातून मोठं पातेलं भाड्यानं आणून दामिनीनं कशीबशी वेळ भागवली. बुधवारी सकाळी तिची हाक ऐकून मी धावत मागे गेले.

जमुनाच्या खोलीमागे, भिंतीला लागून, ताडपत्रीखाली देग होती.

तोवर माणसं जमली होती. खुशालराव आधीच आले होते. जमुना दारात उभी होती, सासूचा हात धरून. तिला काय झालंय ते कळलं होतं, पण सासूला दिसत नव्हतं, आणि म्हातारी सारखी विचारत होती, "काय भेटलं वं? काय भेटलं?"

"जाऊ द्या," खुशालराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चाचांनी पोलिसाचं नाव काढलं, अन हे घाबरली. आनून ठेवली. मी म्हनतो, तिले पोलिसात देऊ नोका. लेकरं हायेत. फक्त आज संध्याकाळपर्यंत खोली खाली करावी. मी तिच्या गाडीभाड्याचं पाहतो."

कुणीतरी म्हणालं, किती मोठं मन! खरंच काही जणांना तसं वाटत होतं. चाचा एकटेच नकारार्थी मान हलवत होते.

मी जमुनाकडे पाहिलं. तिनं शपथ घेतली नाही, रडली नाही. आत गेली आणि गोधड्यांची घडी घालायला लागली. शपथा घेणाऱ्यांची मला सवय आहे, हिची नव्हती.

मी ताडपत्री काढली. देग आतून-बाहेरून लखलखीत होती. चिंच लावून, राखेनं घासून, कोरडी केलेली. झाकण उचललं, तर तळाशी मूठभर गहू.

"सांडले असतील," दामिनी म्हणाली.

"पंगतीत गहू येतो का?"

"नाही गं. पोळ्या बाहेरून येतात. गव्हाचा दाणा येत नाही आपल्याकडे." ती थांबली. "मग हे कुठून आले?"

मी दाणे हातरुमालात घेतले आणि दोन बोटांत चोळले. बोटं चिकट झाली. वास घेतला. सरकी, जवस, भुईमूग, करडई, सगळ्या तेलांचे वास मला डोळे मिटून कळतात. हा एरंडेलाचा होता.

"स्कूटर काढ," मी म्हणाले.

"कुठे जायचं?"

"आधी तुझ्या घरी. तुझा गहू बघायचाय."

"मावशी! माझ्यावर संशय? मी पिठाची पिशवी आणते दुकानातून!"

"मग एक घर कमी झालं. चल, भातकुलीला."

"भातकुलीले? एवढ्या उन्हात? काहून?"

"तिथलाही गहू बघायचाय."

५

संध्याकाळी पंगत बसायच्या आधी सगळे गोदामात जमले. जमुनाच्या खोलीबाहेर एक गाठोडं, एक ट्रंक आणि मिरचीची बादली ठेवलेली होती. खिचडीचे डाळ-तांदूळ धुऊन ठेवले होते. खुशालराव खुर्चीवर, चाचा सतरंजीवर, नितेश दाराशी. मी उभीच राहिले. बसून बोललं की लोक मधे बोलतात.

"मी फार वेळ घेत नाही," मी म्हणाले. "लेकरं भुकेली आहेत. देग चोरानं परत आणून ठेवली, बरोबर? घाबरून ठेवली?"

"हौ," दोघे-तिघे म्हणाले.

"घाबरलेला चोर चिंच लावून देग घासतो का? आणि वर तळाशी मूठभर गहू ठेवतो?"

मग मागून एक बाई म्हणाली, "ते तं भांडं परत देताना ठेवतात."

"बरोबर. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत जात नाही. कुणी साखर टाकतं, कुणी दाणे. म्हणजे ज्या हातानं मूठ टाकली, त्या हाताला ही चोरीची देग आहे हे माहीतच नव्हतं. त्याला ती उसनी आणलेली वाटत होती, आणि कुणाच्या तरी घरी परत चालली होती."

"मंग ते जमुनाच," खुशालराव म्हणाले. "कटोऱ्यात इमली टाकते ते. चाचायनंच सांगतलं."

"टाकते. चाचांच्या कटोऱ्यात टाकते, माझ्या डब्यात टाकते. पंगतीच्या पातेल्यात टाकत नाही. मी विचारलं तर म्हणाली, घरातल्या घरात काय टाकायचं. ही जागा तिला स्वतःचं घर वाटते, खुशालराव. आपल्या घरचं भांडं आपल्याच घरात ठेवताना कुणी मूठ घालतं का? चाचांचंही तेच. देगच त्यांची, ते कशाला घालतील? नितेश अंजनगावात नाचत होता."

दामिनीनं नितेशकडे पाहिलं. नितेशनं पायाकडे पाहिलं.

"आता गहू बघा." मी रुमाल उघडला. "याला एरंडेल चोळलंय. एरंडेल वर्षाच्या गव्हाला लावतात, कोठीत ठेवायचा असतो म्हणून. जमुनाला रेशनचा गहू मिळतो. तो महिनाभर पुरत नाही, त्याला कीड लागायला वेळ कुठला? नितेशचं तेच. दामिनीकडे गहूच नाही. पंगतीच्या माणसांत वर्षाचा गहू भरणारं घर एकच आहे."

खुशालराव हसले. चांगलं हसले, मी त्यांना तेवढे गुण देईन. "ताई, अर्ध्या अमरावतीत एरंडेल लावतात गव्हाले. मूठभर दान्यावरून तुमी मले चोर ठरवता?"

"मी नाही ठरवत. आगीच्या कामात एक गोष्ट कायम पाहिली. चावी कुणाकुणाकडे होती हे विचारलं, की लोक कामगारांची नावं सांगतात. मालकाचं नाव कुणाच्या मनातच येत नाही. दामिनीनंही मला दोनच चाव्या सांगितल्या. गोदाम तुमचं. तिसरी चावी तुमच्या खिशात आहे की घरी?"

त्यांचा हात नकळत खिशाकडे गेला, आणि परत आला.

"अन मी काहून नेऊ? मले तांब्याची कमी हाय?"

"तुम्हाला तांबं नको होतं, जमुनाची खोली हवी होती. अमोलच्या लॉनचा रस्ता तिथून जातो, चुना मारलाय तुम्ही. तिला तोंडावर 'निघ' म्हणता आलं असतं. पण मग पाटीवरच्या नावाचं काय? ती चोर ठरून गेली, की तुमचं मोठं मनही राहतं आणि रस्ताही होतो. चाचांनी पोलिसांचं नाव काढलं म्हणून देग लवकर परत आणावी लागली, एवढंच."

"पुरावा?" त्यांचा आवाज चढला. "एका मुठीनं काय सिद्ध होते? ते मूठ कोनाची हाय, कोन सांगनार?"

"माही हाय ती मूठ."

दारात मैनाबाई उभ्या होत्या. नऊवारी, कपाळावर घाम, हातात पदराचं टोक. दामिनीच्या स्कूटरवर बसायला त्यांनी साफ नकार दिला होता, म्हणून मी त्यांना ऑटोत घालून आणलं होतं. दुपारी भातकुलीत मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. नुसता गहू पाहायला मागितला. त्यांनी कोठीचं झाकण उघडलं आणि आपण होऊन विचारलं, "बाई, देग पोचली ना नीट?" मग मात्र मला सांगावंच लागलं. सांगून झाल्यावर त्यांनी कोठीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, मले घेऊन चला.

"तुमी म्हनलं, कल्हई कराले आनली," मैनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मंग म्हनलं, कल्हईवाला भेटला नाही, परत नेतो. म्या घासली. दोन घंटे घासली. एवढ्या लोकायच्या पोटात जाते, म्हटलं पुण्य लागंन. तुमी अन गड्यानं गाडीत ठेवली तवा म्हटलं, इतकं मोठं भांडं आपल्या घरून खाली कसं धाडाचं? तुमी मोबाइलवर बोलत होते. म्या झाकन उचललं अन मूठ टाकली."

खुशालराव खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. चेहऱ्यावरचा गोडवा कुठे गेला कळलं नाही. आता ते नुसते थकलेले म्हातारे दिसत होते.

"अमोल आयकत नाही," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "रोज भांडते. मले त्याले नाही म्हनता येत नाही. अन यायले निघा म्हनता येत नाही. मी काय करू?"

"चोर तिले कराचं?" मैनाबाई म्हणाल्या. "आंधळ्या सासूसमोर?"

मला त्या क्षणी खुशालरावांची थोडी दया आली. थोडीच. नाही म्हणता न येणारी माणसं किती नुकसान करतात, याचा विमा कुणी काढत नाही.

६

पुढचं फार लवकर झालं. मैनाबाईंनी पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, जागा माह्या नावावर हाय, टॅक्स वाचला तवा आठवलं होतं ना, आता बी आठवा. लॉनचा रस्ता दुसरीकडून काढा, नाहीतर लॉन काढू नोका. अमोलले मी पाहून घेईन. मग त्या जमुनापाशी गेल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"राय माय इथं. तुले कोनी हात लावनार नाही. माहा शब्द हाय."

जमुनानं मान डोलावली. चाचांनी स्वतः उठून तिची ट्रंक आत ठेवली. नितेशनं मिरचीची बादली नेऊन दाराशी होती तिथेच ठेवली. देग चढली, खिचडी शिजली, पंगत बसली. खुशालराव वाढायला उभे राहिले. कुणी त्यांना नाही म्हणालं नाही आणि कुणी त्यांच्याशी बोललंही नाही. माणसं जेवत होती. भुकेल्या माणसाला वाढणारा कोण आहे यात फारसा रस नसतो.

मैनाबाई सगळ्यांत शेवटी जेवल्या. दामिनी मला म्हणाली, "मावशी, तू नसती तर काय झालं असतं! सगळं पहिल्यासारखं झालं."

मलाही तसंच वाटत होतं. काम चोख झालं होतं. खोली वाचली, देग आली, खोटं उघडं पडलं. मी डबा पिशवीत घातला आणि बस कितीला आहे ते विचारायला मागच्या अंगणात गेले.

जमुना नळापाशी देग घासत होती. नेहमीसारखी घासली, विसळली, फडक्यानं कोरडी केली. दोन्ही लेकरं कडेला बसून झाकण पुसत होती. मग ती उठली, खोलीत गेली आणि परत आली. मूठ बंद होती. देगेवर वाकली आणि तांदळाची मूठ तिनं अलगद तळाशी सोडली.

तिनं वर पाहिलं, तर मी उभी. मी कड्या धरायला पुढे झाले, आणि दुसऱ्याच्या घरची ठेवतात तशी तिनं ती देग जपून जागेवर ठेवली.